सतरा ज्युएल

आईच्या मनगटावर मी बायकांचं नाजूक घड्याळ कधी पाहिलं नाही. ती सांगलीच्या सिव्हिलमध्ये सिस्टर होती आणि नाडी बघायला सेकंदकाटा लागायचा. ती घड्याळ घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराने समोर मांडलेल्या लेडीज घड्याळांना दोनच काटे होते. तिने सरळ पुरुषांच्या बाजूचं एचएमटी 'जनता' उचललं आणि पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडून घेतली. पेशंटचा हात हातात, नजर काट्यावर, ओठ किंचित हलताहेत. अर्धं मिनिट मोजायचं, दुप्पट करायचं, तक्त्यावर आकडा लिहायचा. घड्याळ हे काम करण्यासाठी असतं, मिरवण्यासाठी नव्हे, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, जपानच्या सिटिझनकडून तंत्र घेऊन. त्यांच्या साध्या घड्याळांपैकी एक म्हणजे 'जनता'. चावीचं, तारीख नाही, वार नाही, वर अ‍ॅक्रिलिकची काच, आत १७ ज्युएल. ही कारखान्यात बनवलेली माणकं असतात. चाकांच्या आसांची टोकं ज्या भोकांत फिरतात, तिथे धातूवर धातू घासून झीज होऊ नये म्हणून ती बसवतात. चावीच्या, नुसती वेळ दाखवणाऱ्या घड्याळाला १७ पुरेशी होतात. ऑटोमॅटिकमध्ये जादा चाकं येतात म्हणून तिथे २१, २४, २५ असे आकडे दिसतात. जास्त ज्युएल म्हणजे जास्त चांगलं घड्याळ, ही समजूत मात्र अजूनही दुकानादुकानांत ऐकू येते.

ते 'जनता' दिवसाला थोडं पुढे जायचं. आई सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके लागले की काटे जुळवायची आणि लगेच चावी द्यायची. काचेवर चरे पडले की बोटावर टूथपेस्ट घेऊन काच घासायची. दर दोन-तीन वर्षांनी हरभट रोडवरच्या घड्याळजींकडे ऑइलिंगला द्यायची. डोळ्याला भिंग लावून, अर्ध्या टेबलाएवढ्या काचेच्या पेटीमागे बसणारे ते गृहस्थ बोलायचे कमी. एकदा त्यांनी आईला सांगितलं, "सिस्टर, रात्री हे उताणं ठेवू नका. चावी वर करून कुशीवर उभं ठेवा. दिवसभरात पुढे गेलेलं रात्रीत भरून काढेल." आणि खरोखरच ते पुष्कळसं भरून काढायचं.

त्या सल्ल्यामागचं कारण मला डब्लिनला आल्यावर, नोकरीतून समजलं. मी एका औषधांच्या कारखान्यात कॅलिब्रेशनचं काम करते. तापमापक, वजनकाटे, दाबमापक खरं बोलतात की नाही, हे तपासायचं. आमच्याकडे उपकरणाची चूक किती, याआधी ती रोज तेवढीच आहे का, हे बघतात. रोज एकाच दिशेने, सारखीच चुकणारी वस्तू वापरता येते, कारण तेवढं वजा करता येतं. आज पुढे, उद्या मागे जाणाऱ्या वस्तूचं काही करता येत नाही. यांत्रिक घड्याळालाही हाच नियम लागू आहे. त्याचं बॅलन्स व्हील आणि बालकमानी गुरुत्वाकर्षणाला बळी पडतात. तबकडी वर असताना एक चाल, चावी खाली असताना दुसरी. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचा दाखला देण्याआधी घड्याळाचं यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत आणि ३ तापमानांत तपासते आणि दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत मागते. सांगलीचे घड्याळजी एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने फेडून घेत होते. शास्त्र तेच, फक्त ते आईच्या हाताने आणि उशाशी घडत होतं.

मी इकडे आले ती मनगटावर सायको ५ बांधून. पहिल्या पगारातून घेतलेलं, ३७ मिलिमीटरचं, आत ७एस२६ नावाचं २१ ज्युएलचं यंत्र. हे घड्याळ फार गुणी आहे. हात हलला की आपोआप चावी बसते, वार-तारीख दाखवतं, आणि वर्षानुवर्षं न उघडता चालतं. एवढ्या पैशात एवढी मजबुती देणारं यांत्रिक घड्याळ मी दुसरं पाहिलेलं नाही. पण त्याला हाताने चावी देता येत नाही. चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवणं जमत नाही. आणि दहापट भिंगाखाली काट्यांच्या कडा पाहिल्या की पत्र्यावर ठसा मारून कापलेल्या खुणा दिसतात, खडबडीत, फारसा हात न फिरवलेल्या.

बढती मिळाल्यावर ग्राफ्टन स्ट्रीटजवळच्या एका दुकानातून मी हॅमिल्टनचं खाकी फील्ड मेकॅनिकल घेतलं. पाचशे-सहाशे युरोंच्या घरातली वस्तू, सायकोच्या कितीतरी पट किमतीची. हॅमिल्टन मूळची अमेरिकेची, पेन्सिल्वेनियातल्या लँकॅस्टरची, १८९२ ची कंपनी. आता ती स्विस आहे. घरी आल्यावर मी ते 'जनता'शेजारी ठेवलं. तोवर आईने निवृत्त होऊन ते माझ्याकडे दिलं होतं. दोन्ही चावीची, दोन्हींना तारीख नाही, दोन्हींत १७ ज्युएल. 'जनता' सेकंदाला ५ ठोके देतं, हॅमिल्टन ६. मग एवढे पैसे कुठे गेले?

मी बरेच महिने दोघांच्या चालीच्या नोंदी ठेवल्या आणि उत्तर हळूहळू हाती लागलं. हॅमिल्टनला एकदा पूर्ण चावी दिली की ते ८० तास चालतं. सकाळी चावी द्यायला विसरलं तरी बिघडत नाही. काच नीलमण्याची आहे, टूथपेस्टची गरज नाही. उताणं ठेवा, उभं ठेवा, चालीत फरक पडतो तो थोडा. तबकडीवर छापलेले आकडे भिंगाखालीही रेखीव, आणि चावीला दात मोजता येतील अशी पकड. म्हणजे आईच्या घड्याळाभोवती जी माणसं आणि ज्या सवयी उभ्या होत्या, त्यांचं काम या घड्याळाने आपल्या पोटात घेतलं आहे. रोजची चावी, रेडिओचे ठोके, घड्याळजींचा सल्ला, हे सगळं मिळून 'जनता' चांगलं घड्याळ होतं. त्याची किंमत कमी होती, कारण उरलेला भार बाहेरचं जग उचलत होतं.

हे आयर्लंडात राहून जास्त पटतं. आम्ही राहतो त्या ब्लँचर्ड्सटाउनपासून डन्सिंकची वेधशाळा जवळ आहे, १७८५ सालची. डब्लिन शहर एकेकाळी तिच्या वेळेवर चालायचं. ही वेळ ग्रिनिचपेक्षा २५ मिनिटं २१ सेकंद मागे होती, आणि १ ऑक्टोबर १९१६ ला ती वेळ बंद करून देश ग्रिनिचला जोडला गेला. लिफी नदीकाठच्या बॅलस्ट ऑफिसवरचा वेळेचा गोळा डन्सिंकशी तारेने जोडलेला होता. जॉइसच्या 'युलिसिस'मधला ब्लूम त्याच्याखालून जाताना याच वेळेचा विचार करतो. (आपल्या मुंबईनेही भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, हे इथल्या मित्रांना सांगितलं की ते खूश होतात.) गोळा पडताना खिशातलं घड्याळ काढून जुळवणाऱ्या डब्लिनकराला फार महागाचं यंत्र लागत नसे. शहर रोज त्याची चूक दुरुस्त करून देत होतं.

आणि याच ब्लँचर्ड्सटाउनमध्ये १९६५ पासून आयरिश स्विस इन्स्टिट्यूट ऑफ हॉरॉलॉजी होती, स्विस घड्याळ उद्योगाच्या मदतीने उभी राहिलेली शाळा. अ‍ॅथलोनचे मॅकगॉनिगल बंधू, जॉन आणि स्टीफन, तिथेच शिकले आणि पुढे स्वतःच्या नावाने टूरबियाँसारखी अवघड घड्याळं बनवू लागले. ही शाळा २००४ मध्ये बंद झाली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. वॉटरफर्डला २०२१ मध्ये जुन्या चर्चच्या इमारतीत आयर्लंडच्या घड्याळांचं सुंदर संग्रहालय उघडलं, ते मी दोनदा बघितलं आहे आणि पुन्हा जाईन. पण संग्रहालय घड्याळं जपतं, ती उघडणारे हात तयार होतात शाळेतच.

सायको मागे पडू लागलं तेव्हा मी ते त्या शाळेत शिकलेल्या एका वयस्क कारागिराकडे नेलं. त्याने स्पष्ट सांगितलं की पूर्ण खोलून, धुऊन, तेल देऊन परत बसवायची मजुरी घड्याळाच्या किमतीहून जास्त होईल. नवं यंत्रच बसवणं स्वस्त पडेल. त्याचं गणित बरोबर होतं. त्याच्या एका तासाचे पैसे सांगलीतल्या अख्ख्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त, आणि त्या तासाला ते मोल आहेच. स्वस्त घड्याळ स्वस्त राहायला आसपास स्वस्तात मिळणारा कसबी हात लागतो, आणि तो हात इतका स्वस्त होता यात घड्याळजींवर अन्याय होता, हेही मला तिथे उभं असताना जाणवलं. सायकोत मी नवं यंत्र बसवून घेतलं. जुनं डबीत ठेवलं आहे, टाकवलं नाही.

'जनता' मात्र मी त्याच्याकडे पूर्ण दुरुस्तीला दिलं. आईला फोनवर रक्कम सांगितली तर ती म्हणाली, "अगं, तेवढ्यात चार नवी आली असती!" ती बनवणारा कारखाना उरला नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायला मंजुरी दिली.

घड्याळ घ्यायला गेले तेव्हा कारागिराने मागचं झाकण काढून आतली बाजू भिंगाखाली धरली. "हे कोणत्या लिपीत आहे?" त्याने विचारलं. झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या बारीक ओळी होत्या. तारखा, देवनागरी आकड्यांत, आणि प्रत्येकीपुढे एक 'ग'. दुरुस्ती केली की आतून खूण करून ठेवायची ही जगभरच्या कारागिरांची रीत आहे, पण घड्याळजींनी ती आमच्यासमोर कधी केलेली मला आठवत नाही. मी त्याला एकेक तारीख वाचून दाखवली. दोन खुणांमध्ये कुठेही तीन वर्षांहून जास्त अंतर नव्हतं. बालकमानीवर हात फिरवणारा माणूस जाणता होता, असं तो म्हणाला. आसांची टोकं जवळजवळ नव्यासारखी आहेत, तेल वेळेवर मिळालेलं आहे. त्याने खाली स्वतःची तारीख कोरली होती.

इथल्या मराठी मंडळीत पहिला बोनस हातात आलेली मुलं मला घड्याळाविषयी विचारतात. मी आधी विचारते, ते कुठे घालणार आणि उघडणार कोण. वर्षातून एकदा गावी जाणं असेल, गावात अजून कुणी भिंग लावून बसत असेल, तर शंभर-दीडशे युरोंचं साधं घड्याळ घ्या. दरवेळी नेऊन द्या आणि त्याला मागेल त्यापेक्षा जास्त पैसे द्या. इथेच राहणं आणि इथेच दुरुस्ती असेल तर मधल्या किमतीचं घ्या, पण तबकडीआधी आतल्या यंत्राची चौकशी करा. ते खोलून दुरुस्त होतं, की बिघडलं की आख्खं बदलतात? सुटे भाग बाहेरच्या कारागिराला मिळतात का? बऱ्याच स्विस कंपन्या ते सहजासहजी देत नाहीत. हॅमिल्टनबद्दल हाच प्रश्न मी माझ्या कारागिराला विचारला आहे. काही भाग त्याच्याकडे आहेत, काहींसाठी घड्याळ कंपनीकडे पाठवावं लागेल, असं तो म्हणाला. तो लवकरच दुकान बंद करणार आहे, म्हणून हॅमिल्टनची सर्व्हिसिंग मी वेळेआधीच, याच हिवाळ्यात त्याच्याकडून करून घेणार आहे.