बैलगाडी की विंचवाचं बिऱ्हाड?



‘कॅम्पर’ आणि ‘मोटरहोम’ एकच का, असा वाद मोठ्या गटाच्या तासाला झाला आणि अर्ध्या वर्गाने ‘एकच’ असं मत दिलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं आजीला घेऊन यलोस्टोनला गेलो होतो. त्याआधी तीन आठवडे आमच्या घरी याच प्रश्नावर खल चालला होता. म्हणून बाईंनी हा लेख आमच्यावर सोपवला.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. इंजिन कुठे आहे ते बघायचं. मोटरहोममध्ये इंजिन, ड्रायव्हरची खुर्ची, स्वयंपाकाचा ओटा, पलंग आणि संडास हे सगळं एकाच सांगाड्यावर असतं. घरच स्वतः चालतं. कॅम्पर म्हणजे इथल्या बोलण्यात बहुधा असं घर, ज्याला इंजिनच नाही. त्याला दुसऱ्या गाडीने न्यावं लागतं.

कॅम्परमध्येही प्रकार आहेत. ‘पॉप-अप’ हा सगळ्यात हलका. तो रस्त्यावर पेटीसारखा मिटलेला असतो आणि मुक्कामी उघडला की कापडी भिंतींची खोली होते. ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ला पक्क्या भिंती असतात आणि तो गाडीच्या मागच्या हुकाला जोडतात. ‘फिफ्थ व्हील’ त्याहून मोठा. त्याचा सांधा पिकअप ट्रकच्या हौद्यात बसतो. ‘ट्रक कॅम्पर’ मात्र ओढायचा नसून हौद्यात चक्क ठेवून न्यायचा. मोटरहोमचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. पण मुलांनो, ही अक्षरं आकाराच्या क्रमाने लागत नाहीत बरं का! ए म्हणजे बसएवढी सगळ्यात मोठी, बी म्हणजे व्हॅनमध्ये केलेलं छोटंसं घर, आणि सी मधली. सी वर्गाच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक माळा असतो. मुलांना झोपायला हवा असतो तो हाच.

या नावांचा घोळ व्हायला कारणंही आहेत. इंग्लंडमधली आमची आत्या ओढायच्या घराला ‘कॅराव्हॅन’ म्हणते आणि इंजिनवाल्या छोट्या व्हॅनला ‘कॅम्परव्हॅन’. म्हणजे तिथल्या कॅम्परला इंजिन, इथल्याला बहुधा नाही! शिवाय काही कारखान्यांनी दोन्ही बनवली. आयोवा राज्यातल्या विनेबागोचा धंदा १९५८ साली ओढायच्या ट्रेलरपासून सुरू झाला. १९६६ पासून त्यांनी मोटरहोमही काढली. पुढे ती इतकी खपली की लोक कुठल्याही मोटरहोमला ‘विनेबागो’ म्हणू लागले.

आता आमच्या घरचा खल. आजी कराडहून सहा महिन्यांसाठी आली होती. यलोस्टोनचं नाव काढलं की ती म्हणायची, “तुम्ही जाऊन या. मी इथं पोथी वाचत बसते.” गुडघे दुखतात, हे तिचं सांगायचं कारण. खरं कारण आईच्या लक्षात आलं होतं. कुठेही लांब जायचं असलं की आजी सकाळपासून पाणी पीत नसे. वाटेत संडास कधी आणि कुठे मिळेल याची तिला धास्ती. आपल्यामुळे सारखी गाडी थांबवावी लागू नये, म्हणून ती तहानलेली बसायची आणि विचारलं तर “मला तहानच नाही” म्हणायची. आजीला घेऊन जायचं तर ही धास्ती आधी घालवायला हवी होती.

पहिला पर्याय होता पॉप-अपचा. एक स्नेही आपला पॉप-अप फुकट द्यायला तयार होते. मुलांना तो फार आवडला होता, कारण त्यात तंबूची मजा होती. पण त्यात संडास नव्हता. दुसरी अडचण पार्काच्या नियमाची. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी मिळते असा एकच तळ आहे, फिशिंग ब्रिज. तो परिसर ग्रिझली अस्वलांचा, म्हणून तिथे फक्त पक्क्या भिंतींची घरं चालतात. तंबूला आणि कापडी भिंतींच्या ट्रेलरला मनाई आहे. (गंमत म्हणजे नाव फिशिंग ब्रिज असलं तरी १९७३ पासून त्या पुलावरून मासे धरायला बंदी आहे!)

दुसरा पर्याय ट्रॅव्हल ट्रेलरचा. बाबांचा कल याच्याकडे होता, कारण तो भाड्याने स्वस्त पडतो. पण आमच्या मिनीव्हॅनची ओढायची क्षमता ३,५०० पौंड. पाच जण झोपतील असे जे ट्रेलर आम्ही बघितले, ते रिकामेच त्याहून जड होते. वर पाण्याचं वजन धरायला हवं. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांची भर. शिवाय डेन्व्हरहून आमची वाट वायोमिंगच्या इंटरस्टेट ८० वरून जाणार होती. तिथे वारा असा सुटतो की हलक्या आणि उंच गाड्यांना कधी कधी रस्ताच बंद करतात. तिसरी गोष्ट म्हणजे ट्रेलर चालू असताना त्यात माणसांनी बसायला पुष्कळ राज्यांत मनाई आहे, आणि जिथे नाही तिथेही ते धोक्याचंच. आजीला दर वेळी व्हॅनमधून उतरून, वाऱ्यात मागे चालत जाऊन, पायऱ्या चढून आत जावं लागलं असतं.

राहिली मोटरहोम. सी वर्गातली, २५ फुटी. दिवसाचं भाडं वेगळं, प्रत्येक मैलाचे पैसे वेगळे, आणि एका गॅलनमध्ये ती जेमतेम ८ ते १० मैल जाते. हिशेब मांडला तेव्हा डिसेंबरची फ्लोरिडाची सहल आणि ही, दोन्ही जमणार नाहीत हे उघड झालं. मग जेवणाच्या टेबलावर मतदान झालं. आजी झोपल्यावर, कारण तिच्यासमोर ते झालं असतं तर तिने भाग घेऊन सगळं मोडलं असतं! चार विरुद्ध शून्य. फ्लोरिडा राहिली.

आजीला गाडी दाखवायला नेली तेव्हा तिने आधी ओटा बघितला, मग संडासाचं दार उघडून आतली कडी लावून बघितली. बाहेर येऊन म्हणाली, “हे तर विंचवाचं बिऱ्हाड!” मग मुलांना समजावून सांगितलं. तिच्या लहानपणी पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेला घरची सगळी माणसं बैलगाडीने जायची. मुक्कामी पोचलं की बैल सोडायचे, गाडीला टेकू द्यायचा, गाडीखाली अंथरूण आणि शेजारी तीन दगडांची चूल. “तुमचा तो ट्रेलर म्हणजे आमची बैलगाडी. बैल सोडले की ते पाण्यावर जातात, गाडी जागेवर राहते. विंचवाला तसं नाही. तो कुठंही जावो, बिऱ्हाड पाठीवरच.”

हे किती खरं आहे ते फिशिंग ब्रिजला कळलं. शेजारच्या कुटुंबाचा ट्रेलर होता. ते सकाळी पिकअप सोडवून हिंडायला जायचे आणि घर तळावर राहायचं. आम्हाला ओल्ड फेथफुल बघायला सुमारे ३८ मैल जायचं तर आधी विजेची तार काढा, पाण्याची नळी काढा, सांडपाण्याची नळी धुऊन आत ठेवा, कपाटं बंद करा, मगच घर हलणार. दुधाची पिशवी आणायची तरी पलंगासकट जायचं! म्हणून मोठ्या मोटरहोमवाले मागे छोटी मोटार बांधून आणतात. आणखी एक सूचना, ग्लेशियर नॅशनल पार्कला जाणाऱ्यांसाठी. तिथल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब गाडीला प्रवेश नाही. ट्रेलरवाले ट्रेलर खाली ठेवून जातील. आमच्यासारख्यांना मात्र तिथे दुसरं वाहन बघावं लागेल.

आणि हो, टाक्या रिकाम्या करायचं काम बाबांचं होतं. आधी संडासाची टाकी, मग अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हा क्रम मुलांना पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झाला.

आजीचं एका बाबतीत मात्र समाधान झालं नाही. गाडी चालू असताना पट्टा बांधून बसायचं, उठायचं नाही आणि गॅस पेटवायचा नाही, हे तिला अजिबात पटेना. “स्वतःच्या घरात बसलेय, आणि चहा करायचा नाही?” मग दर दोन तासांनी आम्ही गाडी बाजूच्या थांब्यावर घ्यायचो. ती तीन पावलं चालून आत जाऊन यायची, मग चहा टाकायची. साडेसात हजार फुटांहून उंचावरच्या त्या थंडीत रात्री तिने दहीसुद्धा लावलं. भांडं शालीत गुंडाळून ठेवलं होतं, सकाळी घट्ट लागलेलं होतं.

पण आमच्या लक्षात राहिलेली गोष्ट पहिल्याच दिवसाची आहे. रॉलिन्स गाव मागे टाकून आम्ही २८७ नंबरच्या रस्त्याला लागलो. पुढे कितीतरी मैल वस्ती नाही, झाड नाही. तिथे आजीने आपणहून पाण्याची बाटली मागितली आणि अर्धी संपवली. कोणी काही बोललं नाही. आईने फक्त आरशातून बाबांकडे बघितलं.

आजी आता कराडला असते. एवढा लांबचा प्रवास तिला यापुढे झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. फोनवर ती अजून मुलांना विचारते, “काय रे, विंचू बरा आहे ना?”

तर मंडळी, दोन-तीन ठिकाणी चार-चार दिवस राहायचं असेल आणि ओढायला दमदार गाडी असेल, तर बैलगाडी चांगली. रोज नवा मुक्काम असेल आणि सोबत वयस्कर माणूस असेल, तर विंचवाचं बिऱ्हाड. यंदा कोणाकडे आजी-आजोबा येणार असतील, तर त्यांना ‘काय हवं’ म्हणून विचारत बसू नका. ते ‘काही नको’च म्हणणार. निघायच्या दिवशी सकाळी ते पाणी पितात का, तेवढं बघा. सामानाची आणि टाक्यांची यादी आम्ही लिहून ठेवली आहे. कोणाला हवी असेल तर रविवारी तास सुटल्यावर भेटा.

– मोठ्या गटातली ताई, बालगटातला दादा आणि त्यांचे आई-बाबा