मुंबईला न पोचणारी फळं

मालवण,
12 एप्रिल

चि. सई,


तू पाठवलेला फोटो बघितला. लाकडी फळी, तिच्यावर किवी, स्ट्रॉबेरी, काळी-हिरवी द्राक्षं आणि चार तऱ्हेचं चीज. भावोजी-वहिनींच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, तर असंच ताट मांडायचं, मे महिन्यात कुणी गॅसपुढे उभं राहायचं नाही, हा तुझा बेत मला एकदम पसंत. पण किवी-स्ट्रॉबेरी मुंबईहूनच आणायची तर मग मालवणात कशाला येता? ताट इथल्या फळांचं कर. त्यातही अशा फळांचं, जी पेटीत भरून कुठे जातच नाहीत.

हापूस असणारच. पण देवगडची पेटी दादरला पोचते तशी दुबईलाही पोचते, आणि 2018 पासून भौगोलिक मानांकनही आहे त्याला. त्याचं कौतुक करायला मी कशाला हवी? ताटाच्या मधोमध मला हवा काजूचा बोंडू. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बोंडू काय पावण्यांका घालतत?" त्यांचंही बरोबर आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की त्याच बोंडूची फेणी होते, तिला 2009 मध्ये मानांकनही मिळालं. नाक्याच्या अलीकडे मात्र बी काढून घ्यायची आणि बोंडू झाडाखाली टाकायचा. तोडल्यावर दिवसभरही धड टिकत नाही, म्हणून बाजारात त्याला पत नाही. रंग मात्र बघ! मागच्या परड्यात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची दोन कलमं आहेत, वेंगुर्ला-4 चे बोंडू लाल, वेंगुर्ला-7 चे पिवळे. मेच्या सुरुवातीला शेवटचे थोडे मिळतील. चकत्या करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायच्या आणि निथळून घ्यायच्या, म्हणजे घशाला ती तुरट खवखव लागत नाही. बी तू सोडवू नकोस. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, ते काम काकांचं.

बाकी रातांबे असतील, करवंदं असतील, गुलाबी जाम आणि कापा फणस. बरका नको, तो सुरीने कापायचा नाहीच, हाताने खायचा. रातांबे अर्धे चिरून लाल वाट्या तशाच ठेव. आतला गर चोखायला पोरांना सांगावं लागणार नाही. करवंदांचा देठाकडचा चीक धुऊन घे, नाहीतर सगळ्यांचे ओठ चिकटतील.

चीज तुझं तू आण. ब्रीसारखं मऊ काही नको, इथल्या उकाड्यात ते ताटभर पसरेल. चेडर, गौडा असलं घट्ट बघ, नाहीतर सरळ अमूलचे क्यूब. खारट चीज आणि गोड हापूस एका घासात चांगलं लागतं, हे मी मान्य करते. पारशांचं टोपलीतलं पनीर मिळालं तर तेही आण, पण अननस आणि पपईपासून लांब ठेव. ताज्या अननस-पपईत दुधातली प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. फोडी पनीरला टेकल्या की ते कडवट होतं. आणि आत्या काही चीजला हात लावणार नाहीत. त्यांच्यासाठी चार अडसर काढून घेऊ. शहाळ्याच्या साईपेक्षा जाड आणि नारळाच्या खोबऱ्यापेक्षा मऊ अशा त्याच्या पट्ट्या निघतात. मला विचारशील तर चीजची जागा इथे त्यानेच अडवून ठेवली आहे.

मांडणीची तुला भीती वाटते असं लिहिलंयस. अगं, चतुर्थीला गणपतीवर माटवी कोण बांधतं आपल्या घरी? तवसं, चिबूड, सुपारीचा घोस, कवंडळं, तेरडा, सगळं न शिजवता, नुसतं रंगावर तोललेलं. तुझे आजोबा कवंडळाशेजारी दुसरं तांबडं कधी टांगू देत नसत. मध्ये हिरवं काहीतरी हवंच. लाल बोंडूशेजारी रातांबा ठेवू नकोस, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे. खाली लाकडी फळीऐवजी सुपात केळीचं पान घाल. सुपं आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या कडेमुळे जाम घरंगळत नाहीत.

एकच भलंमोठं ताट मात्र करू नकोस. चिरलेलं फळ आणि चीज अशा उन्हाळ्यात तासाभरापलीकडे बाहेर ठेवणं बरं नव्हे. दोन-तीन सुपं लावू, एक रिकामं झालं की फ्रिजमधून पुढचं. मे महिन्यात वीज जाते, तेव्हा बर्फ जास्तीचा लागेल. तो मी कोळणीकडे सांगून ठेवते. डबा वेगळा घेईन, वास लागायचा नाही.

कोकणकन्येने येणार असशील तर चीज थर्मोकोलच्या पेटीत भर आणि कुडाळला उतरल्यावर पेटी काकांच्या हातात दे. त्यांच्या गाडीत बर्फ ठेवायला सांगते. येताना दातेरी सुरी आण. आमच्या विळीवर तुला चेडर चिरता येणार नाही.

तुझी,
काकू