श्याम उशिरा पोहोचला

अम्मी गेली तेव्हा आम्ही पेणला खालाकडे राहून सातवीत शिकत होतो. दिवस पावसाचे. गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींना रंग लागत होता. रोह्याहून निरोप आला तो कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर. खालूंनी आम्हाला एस.टी.त बसवून दिले. वडखळपर्यंत ठीक होते, पण नागोठण्याला अंबा नदीचे पाणी चढलेले. गाडी तीन तास उभी. रोह्यात उतरलो तेव्हा असरची नमाज होऊन गेली होती आणि दफन त्याआधीच उरकले होते.

मय्यत फार वेळ ठेवू नये, हे आज आम्हाला समजते. बाराव्या वर्षी एवढेच समजले की आमच्यासाठी कुणी थांबले नाही. कब्रस्तानात ओली माती तेवढी पाहिली. चाचा म्हणाले, "सब्र कर बेटा, मर्द रडत नसतात." आम्ही रडलो नाही. पुढे कितीतरी महिने रडलो नाही, आणि घरात त्याचे कौतुक झाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातल्या बाईंनी वाचनालयातून 'श्यामची आई' काढून हातात ठेवले. तोवर आम्हाला त्यातला एकच प्रसंग माहीत होता, न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते तो. शाळेत नेहमी तेवढेच सांगतात. शेवटाकडे कुणी नेत नाही.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांची आई १९१७ साली गेली होती. म्हणजे जखम पंधरा वर्षांची, आणि लिहायला पाच दिवस! आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. हे सारे आम्हाला फार नंतर कळले.

तेव्हा कळले ते असे : श्यामही शिकायला दूर होता, आणि तो घरी पोहोचला तेव्हा आई उरली नव्हती. त्या प्रकरणाचे नाव 'भस्ममय मूर्ती'. त्यांच्याकडे राख, आमच्याकडे माती. श्यामच्या घरातले सोवळे-ओवळे, व्रते, नैवेद्य आमच्या ओळखीचे नव्हते. पण सावकाराचा तगादा, घरावरची जप्ती, आईने गिळलेला अपमान हे कोकणातल्या कुठल्या घराला नवे? खालाच्या माळ्यावर भाताच्या कणगीला टेकून आम्ही ते प्रकरण वाचले आणि तिथेच, तोंडात बाही कोंबून, पहिल्यांदा रडलो.

या पुस्तकाला रडके म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ भेटले. आम्हाला ते पटत नाही. त्यातले रडे वरवरचे आहे, खाली टोचणी आहे. श्याम आईला उलट बोललेला असतो, हट्ट केलेला असतो, आणि आता माफी मागायला समोर कुणी नाही. आम्हीही पेणला निघताना अम्मीने बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या मुद्दाम घरी विसरलो होतो. वर्गातली पोरे हसतात म्हणून. हे आजवर कुणाला सांगितले नव्हते.

चाचांचा सब्रही मोठेपणी आम्ही तपासून पाहिला. पैगंबरसाहेबांचे (स.) पितृछत्र जन्माआधीच हरपले होते, सहाव्या वर्षी अबवा येथे वाटेतच माता आमिना गेल्या. पुढे पुत्र इब्राहिम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आले, हे हदीसमध्ये नोंदलेले आहे. त्याच साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहून पैगंबरांचे चरित्र मराठीत सांगितले, ही गोष्ट आपल्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाने आमची भाची नेली. इस्पितळातून मय्यत थेट कब्रस्तानात. तिचा दहा वर्षांचा मुलगा रोह्याच्या घरात खिडकीशी बसून राहिला. बोलेना, रडेना. बायका म्हणत होत्या, किती समजूतदार आहे! आम्ही आमची जुनी, पाठ निखळलेली प्रत त्याच्या उशाशी ठेवून आलो.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा त्याने विचारले, "नाना, श्यामला आई शेवटची दिसली का?"

"नाही रे."

"मग तो रडला?"

"पुष्कळ रडला."

त्याने पुस्तक उचलले आणि जिना चढून माळ्यावर गेला. खालून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारू लागले. आम्ही म्हटले, राहू द्या थोडा वेळ.