तीच ही गाडी कशावरून?

मोटार हा आमचा विषय नव्हे. जन्मभर आम्ही सायकलीपलीकडे कांहीं चालविलें नाहीं. परंतु आमच्या धाकट्या नातवास शर्यतीच्या जुन्या मोटारींचें विलक्षण वेड आहे. त्याच्या तोंडून एका इंग्रजी खटल्याची हकीकत ऐकली, आणि ज्या प्रश्नावर आम्ही संस्कृताच्या तासाला मुलांशीं वर्षानुवर्षें वाद घातला, तोच प्रश्न लंडनच्या न्यायासनापुढें एक कोटी पौंडांच्या सौद्यापायीं उभा राहिलेला पाहून आमचें कुतूहल जागें झालें.

गाडी बेंटली कंपनीची, 'स्पीड सिक्स' जातीची; साडेसहा लिटर मापाचें सहा सिलिंडरांचें एंजिन, आणि त्यांतील वरचा दंड फिरविण्यास आगगाडीच्या एंजिनासारखे तीन जोडदांडे. तिला 'ओल्ड नंबर वन' म्हणतात. फ्रान्समध्यें ल मां गांवीं चोवीस तासांची अखंड शर्यत होते. ती १९२९ सालीं वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनीं या गाडीवर जिंकली. दिवसरात्र मिळून अंतर तुटलें तें २८४३ किलोमीटर! पुढच्या वर्षीं बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांनीं तिच्यावरच पुन्हा बाजी मारली. १९३१ त कंपनीच बुडाली आणि रोल्स-रॉइसकडे गेली. गाडी मात्र धांवत राहिली. १९३२ सालीं तिच्यांत आठ लिटरांचें एंजिन बसविलें, आणि त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं ब्रुकलँड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत ती उतरत्या कडेच्या उंच वळणावरून बाहेर फेकली गेली. चालविणारा क्लाइव्ह डन्फी जागींच ठार झाला. मोडलेली गाडी पुन्हा बांधून बार्नाटोसाठीं तिच्यावर बंद टपाचें शरीर चढविलें. कित्येक दशकांनंतर नव्या मालकानें तिला तिचें जुनें उघडें, शर्यतीचें रूप परत दिलें.

१९९० सालीं ती विकावयाचा करार झाला. घेणारी कंपनी मग म्हणूं लागली कीं, ही ती गाडीच नव्हे. प्रकरण न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें गेलें, आणि गाडीचा एक एक अवयव तपासला गेला. १९२९ च्या गाडीचें निश्चित म्हणतां येईल असें जवळजवळ कांहींच सांपडलें नाहीं. १९३० च्या गाडीचीं पायपट्ट्यांचा दंड, गिअरपेटीचें कवच आणि सुकाणूची नळी एवढींच उरलीं होतीं. सांगाडा, एंजिन व आणखी कांहीं भाग १९३२ चे. बाकी सारें मागाहूनचें.

आमच्या मुलांना आम्ही मिलिंद राजाची गोष्ट सांगत असूं. नागसेनानें राजाला विचारलें कीं, दांडी म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ? चाकें म्हणजे रथ? नाहीं; तर 'रथ' हें केवळ नांव. आमचे नैयायिक याहून कडक. वस्त्राचा एक तंतु काढला कीं जुनें वस्त्र नष्ट होऊन नवें उपजतें, असें ते मानतात! या दोघांपुढें खटला चालता तर विकणाऱ्याची धडगत नव्हती. न्यायमूर्तींनीं मात्र विकणाऱ्याच्या बाजूनें निकाल दिला. या गाडीला 'मूळ' म्हणतां येणार नाहीं. तथापि बदल एकामागून एक होत गेले, मध्यें खंड पडला नाहीं, त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं. म्हणून हीच खरी 'ओल्ड नंबर वन', असा त्या निकालाचा आशय.

आम्हांस तो पटतो. आमच्या देवघरांतील टाक झिजून सपाट झाले होते. सोनाराकडून तेच रुपें, थोडी भर घालून, पुन्हा घडवून आणलें. वडील बंधूंनीं प्रथम नाक मुरडलें. पण प्राणप्रतिष्ठा झाल्यावर कुलस्वामिनी बदलली असें घरांत कोणी म्हणालें नाहीं. आणि शर्यतीची गाडी तर धांवावयासाठींच जन्मलेली. धांवली कीं झिजते, झिजली कीं बदलावी लागते. जिचा एकहि खिळा बदलला नाहीं ती बहुधा कोठें धांवलीच नसेल! इंग्लंडांत १९३४ सालीं स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० अखेरपर्यंतच्या व त्यानंतरच्याहि कांहीं जुन्या गाड्यांच्या शर्यती अजून भरवितो. असल्या अनमोल वस्तु कांचेआड ठेवाव्या, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही धांवविणाऱ्यांच्या बाजूचे. एका जुन्या सांगाड्याचे दोन भाग करून दोन 'अस्सल' गाड्या विकूं पाहणारे मात्र निराळे. त्यांस जीर्णोद्धारक म्हणणें आम्हांस जमत नाहीं.

तथापि एक गोष्ट मनांतून जात नाहीं. एक कोटी पौंड ठरले ते ल मांच्या दोन विजयांच्या कीर्तीसाठीं. पण हाताला लागणारें लोखंड बव्हंशीं त्या गाडीचें, जिच्यावरून डन्फी गेला. अखंड परंपरेनें ती तीच गाडी ठरते, तर ज्या परंपरेनें विजय तिचे झाले त्याच परंपरेनें तो मृत्यूहि तिचाच झाला. तिच्याजवळ कोणी पाटी लावणार असेल तर १९२९ व १९३० यांच्या खालीं १९३२ हें सालहि, आणि त्यापुढें त्या तरुणाचें नांव, त्याच मापाच्या अक्षरांत कोरावें, असें आम्हांस वाटतें.