सासरची वाट वांद्र्याहून

सकाळचे सव्वासात वाजले होते. वांद्रे पूर्वेला रिक्षा पकडून आम्ही तिघी बीकेसीत पोहोचलो, तेव्हा अमेरिकन वकिलातीच्या भिंतीलगत रांग लागू लागली होती. मावशीच्या हातात लग्नाचा अल्बम होता. चांगला तीन किलोंचा! माझी मावसबहीण फाईल छातीशी धरून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी आतले कागद मोजत होती.

मावशी इंदूरची. लेकीचे लग्न झाले आणि जावई न्यू जर्सीला परतले. तिच्या व्हिसाची मुलाखत मात्र मुंबईत. व्हिसासाठी मुंबईला कशाला, हे मावशीला शेवटपर्यंत पटले नाही. कारण साधे आहे. अमेरिकेत कायम राहायला जाणाऱ्या भारतीयांच्या व्हिसाचे बहुतेक काम मुंबईच्या वकिलातीतच चालते. त्यामुळे पंजाबची नवी नवरी असो, केरळची असो की बडोद्याची, तिची सासरची वाट या रस्त्यावरून जाते.

पूर्वी ही वकिलात ब्रीच कँडीला समुद्राकाठी होती, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या महालात. २०११मध्ये ती इथे आली. मिठी नदीकाठची ही एकेकाळची दलदल. आता इथे बँका आहेत, हिरेबाजार आहे, काचेच्या इमारती आहेत. पण सकाळच्या या रांगेत मेंदी, हिरवा चुडा, लाल-पांढरा पंजाबी चुडा आणि आयांच्या डोळ्यांतली काळजी, असा सगळा देश दिसतो.

फाईल कशी भरते?

आत फक्त मुलाखत असणाऱ्यालाच सोडतात. मोबाईल नेता येत नाही, मोठी बॅग नेता येत नाही. बहिणीने फोन माझ्याकडे दिला, मावशीच्या पाया पडली आणि आत गेली. आम्ही समोरच्या फुटपाथवर बसलो. शेजारी आणंदच्या एक बेन आणि जालंधरचे एक सरदारजी होते. तासाभरात आमची इतकी ओळख झाली, की एकमेकांच्या फायलीच उघडल्या गेल्या.

त्या गप्पांतून आणि आमच्या वर्षभराच्या धावपळीतून जे हाती लागले, ते वाचकांसाठी सांगते.

पहिला प्रश्न लग्नाआधी विचारायचा: मुलगा तिथे कोणत्या नात्याने राहतो? नागरिक असेल, तर पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही; कागद पुरे झाले की काम पुढे सरकते. ग्रीन कार्डवाला असेल, तर पत्नीला क्रमांकाची वाट पाहावी लागू शकते. आणि नुसत्या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर तो पत्नीला कायम वास्तव्यासाठी असा बोलावूच शकत नाही. तिचा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला असतो. ‘मुलगा अमेरिकेत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

सुरुवात नवरा करतो. आय-१३० हा अर्ज तो तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे भरतो. तो मंजूर झाला की फाईल राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. मग शुल्क, पत्नीचा डीएस-२६० हा अर्ज आणि नवऱ्याचे आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र. त्याचे उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या साधारण सव्वापट तरी लागते. कमी पडले तर दुसरा जामीनदार चालतो.

आपल्याकडचे मुख्य कागद चार: पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला. हा शेवटचा पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. आधीचे लग्न झालेले असेल, तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्युदाखलाही हवा. जन्माची नोंदच नसेल, तर नोंद नसल्याचा दाखला आणि सोबत शाळेचा दाखला, आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र असा पुरावा जोडतात.

आमचे घोडे अडले ते भलत्याच ठिकाणी. मावशीच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले होते. पण पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली, तेव्हा आजोबांनी नातीच्या जन्माची नोंद करताना आईचे माहेरचेच नाव सांगितले! शाळेच्या दाखल्यावर सासरचे. म्हणजे कागदोपत्री माझ्या बहिणीला दोन आया. शेवटी मावशीने दोन्ही नावे आपलीच असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. तेव्हा घरात मुलीचे लग्न ठरताच सगळ्या दाखल्यांवरची नावे, स्पेलिंग आणि तारखा एकमेकांशी ताडून पाहा. लग्नात नाव बदलणार असाल, तर दहा वेळा विचार करा.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. तिचा अहवाल यायला वेळ लागतो, शिवाय बोटांचे ठसे वेगळ्या केंद्रात द्यावे लागतात. म्हणून मायलेकी अवंतिका एक्स्प्रेसने दहा दिवस आधीच बोरिवलीला माझ्याकडे येऊन राहिल्या होत्या. डॉक्टरांनी बंद पाकीट दिले, तर ते फोडू नका.

काचेच्या खिडकीत

साडेदहाला बहीण बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मावशीने विचारले, “अगं, अल्बम का नाही नेलास?”

“आई, त्यांनी सहा प्रश्न विचारले,” ती म्हणाली आणि मग हसली. “पासपोर्ट ठेवून घेतलाय. व्हिसा मंजूर आहे.”

लग्न कसे जमले, ते काय काम करतात, शेवटचे कधी भेटलात, त्यांच्या घरी कोण कोण आहे, असे साधेच प्रश्न. इंग्रजी येत नसेल, तर दुभाष्याची सोय असते. लग्न खरे आहे की व्हिसापुरते, एवढेच त्यांना पाहायचे असते. त्यासाठी अल्बमपेक्षा निवडक फोटो, लग्नपत्रिका, प्रवासाची तिकिटे आणि एकमेकांशी बोलणे-लिहिणे चालू असल्याचा पुरावा उपयोगी. घोकून उत्तरे देऊ नका. खोटे तर मुळीच बोलू नका. ते आयुष्यभर नडू शकते.

सरदारजींच्या सुनेला मात्र एक कागद कमी पडला. तिच्या हातात कलम २२१ (जी)ची चिठ्ठी आली. सरदारजी हादरलेच. पण हा कायमचा नकार नसतो. मागितलेला कागद दिला की फाईल पुन्हा चालू होते. ‘हमखास व्हिसा’ देऊ करणाऱ्या एजंटांना अशा वेळी गाठू नये. शुल्क आणि नियमही बदलत राहतात, ते वकिलातीकडूनच ताजे समजून घ्यावेत.

व्हिसानंतरची गोष्ट

परतीच्या लोकलमध्ये मावशी पेढ्यांचा हिशेब करत होती. मी बहिणीला वेगळेच सांगत होते. तिथे पोहोचण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे, सशर्त मिळते. १९८६च्या कायद्याने ही अट आली. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो.

इथेच काही मुली अडकतात. माझ्या परिचयातल्या एकीला नवऱ्याने ‘चार दिवस माहेरी राहून ये’ म्हणून आणून सोडले आणि तो तिचा पासपोर्ट, कार्ड घेऊन एकटाच परत गेला. मुदत कधी संपते, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हते. सगळे कागद ‘ते बघतात’ असे तिचे उत्तर.

खरे तर अशा स्त्रीला मार्ग असतो. लग्न मोडले किंवा नवऱ्याने छळ केला, तर हा अर्ज ती एकटीही करू शकते. लग्न मात्र खऱ्या भावनेने केलेले होते, हे दाखवावे लागते. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे. पण दाद मागायची तर हाती कागद हवेत. नवऱ्याचा पत्ता, त्याच्या पासपोर्टची प्रत, अर्जाचे क्रमांक आणि आपल्या कार्डाची झेरॉक्स.

म्हणून मुलीला परदेशी पाठवताना दागिन्यांइतकीच काळजी या कागदांची घ्या. एक संच तिच्याकडे, एक माहेरी. कोणता अर्ज कशाचा आणि पुढची तारीख कोणती, हे तिला स्वतःला तोंडपाठ असू द्या. नवऱ्यावरच्या अविश्वासापोटी नव्हे. आपला संसार ज्या कागदांवर उभा आहे, ते आपल्याला वाचता यावेत म्हणून.

बोरिवली आले. सवयीने मावशीने हात पुढे केला, “दे ती फाईल, मी सांभाळते.”

“नको आई,” बहीण म्हणाली, “ती आता माझ्याकडेच राहू दे. तू अल्बम घे.”