सकाळी सहाचा भाव

पेट्रोलचा भाव रोज सकाळी सहाला ठरतो. १६ जून २०१७ पासूनची ही शिस्त, आणि तीही पैशापर्यंत. २९ मे २०२१ ला मुंबईत लिटरने शंभरी ओलांडली तेव्हा पंपावरच्या आकड्यात शंभराच्या पुढे १९ पैसेसुद्धा होते. पुढच्या एप्रिलात एकशेवीसही पार झाले. शिव्या घातल्या, स्कूटर भरली, कामाला गेलो.

आमची फणसवाडीतली चाळ किती वर्षं उभी राहील, याचा भाव मात्र कुठेच लागत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली तीन टेकू आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाची अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी येते. महापालिकेची अतिधोकादायक इमारतींची, म्हणजे सी-१ची, यादी निराळी. चाळीत म्हाडाची यादी दहावीच्या निकालासारखी वाचतात. नाव नसलं की आई म्हणते, सुटलो. समोरच्या काकू म्हणतात, "आलं असतं तर निदान ट्रान्झिट कॅम्पचं तरी बघितलं असतं कुणी." दोघींचंही खरं आहे.

कारण यादीवर विसंबायचं तरी कसं? आमच्याकडून चालत जाण्याच्या अंतरावर, पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती. तरी माणसं राहत होती. ३१ ऑगस्ट २०१७ ला ती पडली, ३३ जण गेले. दोन वर्षांनी, १६ जुलै २०१९ ला, डोंगरीत केसरबाई इमारत. तिथे १३ जण गेले आणि ढिगारा उपसत असतानाच वाद सुरू झाला, की पडला तो भाग नोंदीतल्या इमारतीचा नव्हेच, मागचं अनधिकृत बांधकाम आहे. जुलै २०२५ मध्ये तर म्हाडाने कायद्याच्या कलम ७९-अ खाली जुन्या इमारतींना दिलेल्या ९३५ नोटिसांवर उच्च न्यायालयानेच ताशेरे ओढले आणि निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. म्हणजे नोटीस आली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेही आता कोर्टाला विचारायचं.

पैसे घेताना मात्र कुणाचा घोळ होत नाही. चाळीच्या दुरुस्तीसाठी १९६९च्या कायद्यापासून उपकर आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी पेट्रोलवर लिटरमागे २ रुपये चढले. मुंबईत तर बाकी महाराष्ट्रापेक्षा कित्येक वर्षं व्हॅटही जास्त होता, तो २०२४ मध्ये समान झाला. 'उपकर' हा शब्द मला नेहमी 'उपकार'मधला काना गळाल्यासारखा वाटतो.

गेल्या वर्षी एका कचेरीत चाळीची नोंद बघायला गेलो. खिडकीतल्या माणसाने वही उलटसुलट केली. "मागचा भाग नोंदीत दिसत नाही."

"मी तिथेच राहतो."

"मग तसा पुरावा आणा."

वीजबिलं घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तर साहेब साइटवर. तिसऱ्यांदा गेलो नाही. त्या हेलपाट्यांचं पेट्रोल हिशेबाच्या वहीत वेगळं लिहून ठेवलंय.

बाबांची नोंद मात्र चोख. माजघरातल्या भिंतीवरची भेग जिथवर आली तिथे ते पेन्सिलीने आडवी रेघ मारतात आणि शेजारी तारीख घालतात. दहा-बारा रेघा झाल्या. शेवटची रेघ गेल्या श्रावणातली. काल रात्री पाऊस थांबल्यावर त्यांनी बॅटरी मागितली. भेग रेघेच्या बोटभर खाली होती. पेन्सिल सापडेना, तेव्हा माझ्या खिशातलं पेन घेतलं.