७ पैशांचा फरक



नातवाने आमच्या महिला मंडळाच्या हिशोबासाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. बेरीज माझ्या वहीपेक्षा ७ पैशांनी कमी! "आजी, ७ पैशांनी काय होतंय?" मी बी.कॉम. झालेली, ताळा जुळल्याशिवाय वही मिटत नाही.

शोधलं तेव्हा कळलं. अपूर्णांकांच्या बेरजेत निसटणारा बारीक अंश पुढच्या रकमेत भरून काढायची सोय त्याने केली होती. पण प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या जीसीसी कंपायलरला 'ओफास्ट' ही वेगाची सेटिंग दिलेली. त्याने ती दुरुस्ती निरर्थक समजून गाळली. 'ओटू' दिल्यावर बेरीज जुळली.

मी म्हटलं, "अरे, रुपये कशाला? सगळं पैशांत, पूर्णांकात मांड." त्याने मांडलं. आता सेटिंग कोणतीही असो, वही निर्धास्त मिटते.